न आलेल्या आकड्याचा रंग

दूधपेढीचा दोन नंबरचा फ्रीझर कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभा होता. दार सताड उघडं, कप्पे पुसून कोरडे केलेले, वायर गुंडाळून वर ठेवलेली. सोमवारची रजा संपवून ती आज कामावर आली होती. खांद्यावरची पिशवी सावरत ती त्याच्या बाजूने गेली, याला काय झालं असेल हा विचारही पुरा न करता आपल्या खोलीत शिरली आणि सवयीने कॉम्प्युटरवर रिपोर्टचं पान उघडलं, तर दोन नंबरच्या फ्रीझरपुढे हिरवा ठिपका होता. छान, गोल, ताजा हिरवा. तिने मान वळवली. खोलीच्या दारातून फ्रीझरची एक कड दिसत होती आणि गुंडाळीतून सुटून लोंबणारं वायरचं टोक. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हिरवा. 

ते पान तिचं होतं. म्हणजे हॉस्पिटलचं होतं, पण तिच्या मनात ते तिचं होतं. हॉस्पिटलात रक्ताचे, लशींचे, औषधांचे आणि दूधपेढीतल्या दुधाचे मिळून एकेचाळीस फ्रीज आणि फ्रीझर. प्रत्येकाच्या आत काडेपेटीएवढा सेन्सर, तो दर पंधरा मिनिटांनी तापमानाचा आकडा पाठवणार, आणि पानावर त्या फ्रीजच्या ओळीत एक ठिपका उमटणार. लाल म्हणजे पळा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे आपापलं काम करा. कुठल्याही वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडायचं. तिने ते केलं तेव्हा तिची मुलगी, ढब्बू, पोटात होती, आणि नुसता हिरवा निवडायला तिने दोन दिवस घालवले होते. पोपटी डोळ्यांत खुपायचा, बाटलीचा हिरवा लांबून काळाच दिसायचा. घरी जेवताना ती नवऱ्याला मोबाइलवर ठिपके दाखवायची आणि तो म्हणायचा, "अगं, तू हॉस्पिटलात नोकरी करतेस का सिग्नलचं दुकान काढलंयस?" शेवटी कोवळ्या पानासारखा एक सापडला, बघितल्याबरोबर जीव भांड्यात पडावा असा. त्याआधी सिस्टर लोक दर चार तासांनी प्रत्येक फ्रीजचं दार उघडून तापमान वहीत लिहायच्या. पान सुरू झाल्यावर साहेबांनी नोटीस काढली, की आता सर्व पडद्यावर दिसत असल्याने वह्या बंद. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तीन सिस्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती. तिने आयुष्यात केलेलं इतकं उपयोगी असं दुसरं काही तिला आठवत नव्हतं.

"आलात? मुलगी बरी आहे ना?" दारात साहेब उभे होते. तिच्या विभागाचे प्रमुख, कायम अर्धे दारात आणि अर्धे पुढच्या मीटिंगमध्ये असणारे. "बरं, एवढंच सांगा, शनिवार-रविवार आपला रिपोर्ट चालू होता ना?"

"चालू होता," ती म्हणाली. खरंच तर होतं. पान उघडत होतं, ठिपके दिसत होते.

"झालं तर. काल तुम्ही नव्हतात, इथे नुसता गोंधळ. दूधपेढीचा दोन नंबर रविवारी पहाटे कधीतरी बंद पडला, काल सकाळी सिस्टरांनी दार उघडलं तर सगळं पाणी. एकशे अठ्ठावन्न बाटल्या ओतून दिल्या. आणि बाई म्हणतात काय, मी रविवारी दोनदा पान बघितलं, हिरवं होतं! बंद पडलेला फ्रीझर हिरवा दिसेल का कधी? मला तुमच्या त्या ठिपक्यांतलं काही कळत नाही, पण एवढं तर कळतं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "तीनपर्यंत त्यांचा लेखी खुलासा मागवलाय. मग बदली. भांडारात पाठवतील बहुतेक, तिथे निदान बाळं नाहीत."

ते गेले, आणि ती 'चालू होता' या दोन शब्दांकडे बघत बसली, टेबलावर काहीतरी सांडलंय आणि पुसायला कापड नाही अशी. दूधपेढीच्या सिस्टर ती ओळखत होती. जाड भिंगांचा चष्मा, मोठा आवाज, निवृत्तीला दोन वर्षं. ही पेढी त्यांनीच उभी केली होती. ज्यांना दूध जास्त येतं अशा बाळंतिणींकडे स्वतः जाऊन, पाय चोळत त्यांच्या पलंगावर बसून, बाटल्या जमवून. मुदतीआधी जन्मलेली, तळहाताएवढी, काचेच्या पेटीतली बाळं, ज्यांच्या आयांना अजून दूधच उतरलेलं नाही, त्यांना ते थेंबाथेंबाने जायचं. एकशे अठ्ठावन्न बाटल्या. तिने स्वतः पंप लावून दूध काढलेलं होतं, ऑफिसच्या बाथरूममध्ये, भिंतीकडे तोंड करून. एक बाटली म्हणजे किती वेळ, किती पाठदुखी, हे तिला आकड्यात नाही, खांद्यात ठाऊक होतं. एकदा तिच्या हातून अर्धी बाटली लवंडली होती तर ती बेसिनपाशी उभी राहून हुंदके देऊन रडली होती.

तिने नियम उघडला. फ्रीझरच्या ठिपक्याला रंग देणारा तो नियम म्हणजे उण्यापुऱ्या तीन ओळी. तापमान उणे पंधराच्या वर असेल तर लाल. नाही, पण उणे अठराच्या वर असेल तर पिवळा. नाहीतर हिरवा. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता दोन नंबरच्या सेन्सरची बॅटरी संपली होती आणि त्यानंतर एकही आकडा आलेला नव्हता. मशीन बिचारं काय करणार? आकडा नाही, म्हणजे तो उणे पंधराच्या वर नाही. उणे अठराच्याही वर नाही. मग नाहीतर. शनिवारी रात्रभर नाहीतर, रविवारी फ्रीझर वितळत असताना नाहीतर, काल बाटल्या ओतत असताना नाहीतर, आणि आत्ता, तो कॉरिडॉरमध्ये आऽ वासून उभा असताना, नाहीतर.

आणि या तीन ओळींच्या वर पूर्वी, सगळ्याच फ्रीजांसाठी, एक चौथी ओळ होती. आकडाच आला नसेल तर राखाडी. ती ओळ तिने सगळ्यात आधी लिहिली होती, बाकीच्या तिन्हींच्या आधी, कारण तिला शिकवणाऱ्यांनी तेच पहिलं शिकवलं होतं. ती ओळ पुसलेला दिवस तिला आता इतका लख्ख आठवला की त्या दिवशीच्या ब्लाउजचा ओलावा तिला अंगावर जाणवला. ढब्बू सात महिन्यांची, पाळणाघर सहाला बंद, पावणेसहा वाजलेले आणि छाती दगडासारखी भरून आलेली, दोन डाग पडलेले म्हणून ती जाकीट पुढे ओढून बसलेली. दुसऱ्या दिवशी पाहणीला बाहेरची मंडळी येणार होती. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे. "हे मळके ठिपके कसले?" तिथून आकडा आला नाही, साहेब. पाच-सहा सेन्सर मधूनमधून गप्प बसतात. "मग पाहुण्यांना काय सांगू, आमच्या फ्रीजमध्ये काय चाललंय ते आम्हाला माहीत नाही म्हणून? काढा हो ते. उद्यापुरते." काढते, ती म्हणाली. वेगळा रंग देता आला असता. ठिपकाच न दाखवता जागा कोरी सोडता आली असती, पण त्याला पंधरा मिनिटं लागली असती, आणि ओळ पुसायला एक क्षण. तिने ती पुसली. पान एकदम स्वच्छ झालं, धुतल्यासारखं. "बघा, किती छान दिसतंय," साहेब म्हणाले, आणि तिलाही दिसलं होतं छान, हे आता कुणाला सांगायचं? ती पळत सुटली. सोमवारी परत घालू, असं लिफ्टमध्ये ती स्वतःशी म्हणाली होती. त्या सोमवारी ढब्बूला लस होती. पुढच्या सोमवारी काय होतं, कोण जाणे. चार महिने झाले.

जे विचारलं नाही ते ठीक, जे कळलं नाही ते ठीक. हे काही मशीनने शोधून काढलेलं नव्हतं. ढब्बू झाल्यावर दहाव्या दिवशी घरी एक नर्स आली होती, हातात छापील फॉर्म. टाके सुकले का, दूध येतं का, झोप लागते का, आणि शेवटी, मन कसं आहे? ती खिडकीकडे बघत होती. तीन रात्री तिला असं वाटत होतं की बाळ दुसऱ्याच कुणाचं आहे आणि ते लोक येतील घ्यायला. हे वाक्य कुठून सुरू करावं ते तिला सापडत नव्हतं, म्हणून ती गप्प होती. नर्स थोडी थांबली, मग पुढे वाकून तिने 'ठीक' वर खूण केली, अगदी मायेने, आणि म्हणाली, "चला, छान." त्या 'छान'ने आपण आतून किती एकट्या झालो होतो, हे तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि ही गोष्ट जिच्या अंगावरून गेली होती, तीच बाई सहा महिन्यांनी ओळ पुसून एकेचाळीस फ्रीजांसाठी कायमची तशीच खूण करून ठेवते, आणि पाळणाघराकडे पळते.

पाळणाघर. तिने झटकन फोन उचलला. आज सकाळी ढब्बूला सोडताना मावशींनी विचारलं होतं, "काल सर्दी होती म्हणालात. रात्री ताप?" नाही, ती म्हणाली होती, ताप नव्हता. पायात बूट घालता घालताच. ताप तिने मोजला नव्हता. पोर झोपेत गरम लागलं होतं, पण थर्मामीटर वरच्या कपाटात होता, दिवा लावला असता तर ती जागी झाली असती, आणि ताप निघाला असता तर आज परत रजा. पळपुटेपणा नुसता! "मावशी," ती आता फोनवर म्हणाली, "मी सकाळी नाही म्हणाले ना, ते मोजून नव्हते म्हणाले. मोजलाच नव्हता मी. जरा बघता का?"

"बघून झालंय," पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या. मागे कुणीतरी डबा बडवत होतं. "तुम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत बघितलं. नव्याण्णव आहे, खेळतेय. अहो, तुमचं तोंडच सांगत होतं की तुम्ही थापा मारताय. वीस वर्षं आया बघतेय मी!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची बस गेली असती."

फोन ठेवल्यावर तिला हसू आलं, पण टिकलं नाही. मावशींनी तिच्या 'नाही'वर विश्वास ठेवला नव्हता, हात लावून बघितलं होतं, म्हणून तिचं पोर सुखरूप होतं. सिस्टरांना मात्र तिने आणि साहेबांनी मिळून हात लावायची गरज नाही असं लेखी सांगितलं होतं.

निदान आत्ता तरी ओळ परत घालूया, बाकी उरलेले फ्रीज तरी खरं बोलतील, म्हणून तिने कीबोर्ड पुढे ओढला. चौथी ओळ बोटांना पाठ होती. ती लिहून झाली, आणि जतन करायच्या बटणावर बोट ठेवता ठेवता तिचा हात थांबला. पान ठिपके साठवून ठेवत नव्हतं. साठायचे ते फक्त आकडे. कुठल्याही जुन्या दिवसाचं पान उघडलं, की त्या दिवशीच्या आकड्यांवर आजचा नियम लावून ठिपके नव्याने रंगायचे. आज ओळ घातली की रविवारचं पानही राखाडी होणार होतं. मग तीन वाजता साहेब रविवार उघडतील, दोन नंबरपुढे राखाडी ठिपका दिसेल, आणि ते म्हणतील, बघा, पान तर सांगत होतं की काहीतरी बिघडलंय. बाई खोटं बोलतायत. सिस्टरांनी जे हिरवं पाहिलं होतं, ते जगात आता फक्त एका ठिकाणी होतं, या चुकीच्या नियमात. चूक दुरुस्त केली की सिस्टर खोट्या ठरणार होत्या. आणि ती स्वतः? ती स्वच्छ. तिचा नियम बरोबर, तिचं 'चालू होता' बरोबर. कुणी तिला विचारणारही नव्हतं.

तिला कबूल करावं लागलं की त्या एका क्षणात तिला बरं वाटलं होतं. बोट बटणावरच होतं. शेजारच्या खोलीतला प्रिंटर मध्येच खडखडला आणि थांबला. किती सोपं होतं, चांगलं काम करतोय असं म्हणत हे करणं. बाकीच्या चाळीस फ्रीजांच्या भल्यासाठी. तिला आठवलं, लहानपणी तिने आईची काचेची बरणी फोडली होती आणि आई यायच्या आत सगळ्या काचा इतक्या मन लावून वेचल्या, फरशी इतकी पुसली, की आईने घरात शिरताच कौतुक केलं, किती गुणाची गं माझी बाय, आणि बरणी कुठे गेली म्हणून थोरल्या बहिणीला धपाटा बसला. बहीण आजही हसत हसत ते सांगते. सांगताना दरवेळी आपल्याकडे बघते का, हे तिने इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं.

तिने लिहिलेली ओळ पुसली. रविवारचं पान उघडलं, आणि ते हिरवं असतानाच, दोन प्रती छापून घेतल्या. सोमवारच्याही दोन. त्याखाली पेनाने लिहिलं: दोन नंबरसमोरचा हा हिरवा रंग खोटा आहे. शनिवारी सहा वाजल्यापासून आकडा आलेला नव्हता. आकडा नसेल तर वेगळा रंग दाखवणारी ओळ मी चार महिन्यांपूर्वी काढली आणि परत घातली नाही. सिस्टरांना हिरवंच दिसलं. खाली सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली. मग तिने ओळ पुन्हा लिहिली, बटण दाबलं, आणि पान तिच्यासमोर रंग बदलत गेलं. दोन नंबर राखाडी, लशींचा चार नंबर राखाडी, रक्तपेढीचा एक, औषधांचे तीन. एकंदर सहा. दोन नंबर तर रिकामाच होता, पण उरलेल्या पाच ठिकाणी काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने एकेका वॉर्डाला फोन लावून सांगितलं, उठा, दार उघडा, थर्मामीटर लावून बघा.  सगळे थंड निघाले. थंड निघाले हे नशीब, तिची पुण्याई नव्हे.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. "हे कशाला लिहून द्यायचं? मिटत आलेलं प्रकरण तुम्ही उकरून काढताय."

"मिटत नव्हतं, साहेब. सिस्टरांच्या डोक्यावर बसत होतं."

"आणि ही ओळ..." ते थांबले. पाहणीचा तो दिवस त्यांना आठवला असावा, कारण ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "मी सांगितलं होतं का काढायला?"

"उद्यापुरती म्हणाला होतात." तिला वाटलं होतं हे म्हणताना हलकं वाटेल. वाटलं नाही. "पण पुसली मी. आणि तुम्हाला कळत नव्हतं तिचा अर्थ, मला कळत होता."  ठेवा, ते म्हणाले. बघू. वरती मला द्यावाच लागेल हा, तुमच्यावरही येईल. येऊ दे, असं काही ती म्हणाली नाही. तिला फक्त दार गाठायचं होतं.

दूधपेढीत सिस्टर टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. समोर खुलाशाचा कागद, त्यावर चार ओळी, तीन खोडलेल्या. तिने दुसरी प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, ब्लाउजच्या डागांपासून ते सकाळच्या 'चालू होता'पर्यंत, आणि मधल्या त्या क्षणापर्यंत, बोट बटणावर होतं त्या.  ऐकून झाल्यावर सिस्टरांनी चष्मा वर सरकवून डोळे चोळले.

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं," त्या म्हणाल्या. "कालपासून मला वाटायला लागलं होतं, की मी पान बघितलंच नाही, नुसतं बघितल्यासारखं वाटतंय. वय झालं, सिस्टर, असं म्हणाले ना मला सगळे." मग खोडाखोडीचा कागद बाजूला सारून, "पण पोरी, तुला एक सांगू? रविवारी दुपारी मी त्या दोन नंबरच्या दाराला टेकले होते. पाठीला ते मशीन घुमल्यासारखं लागतं ना, ते लागलं नाही. मला कळलं होतं. पाठीला कळलं होतं. मी उठून पान बघितलं, हिरवं, आणि पुन्हा टेकले. म्हटलं, आपल्या पाठीला काय कळतंय!"

हे ऐकण्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटलं. "बाळं?" तिने कसंबसं विचारलं.

"तिघं आहेत पेटीत. दुसऱ्या हॉस्पिटलातून दूध मागवलंय, उद्यापर्यंत पुरेल. परवाचं परवा." सिस्टरांनी टेबलावरची एक यादी तिच्याकडे सरकवली. चौदा नावं, त्यापुढे फोन नंबर, पाचांवर खूण. "ज्यांचं दूध ओतलं त्या आया. त्यांना सांगायला नको? पाचजणींना सांगितलं मी, फ्रीझर बिघडला म्हणून. एकीने फोन आपटला, बरोबरच आहे तिचं. आता माझा घसा बसलाय." त्या तिच्याकडे बघत होत्या, रागाने नाही, प्रेमानेही नाही, काम सोपवताना बघतात तसं. "उरलेल्या तू कर. आणि पुढचं दूधही माग. त्याशिवाय परवा काय द्यायचं?"

"मी मागू? मी कुठल्या तोंडाने मागू, सिस्टर?"

"आहे त्या. बस खाली."

ती बसली. सहाव्या नावापुढचा नंबर फिरवला. तिकडे घंटी वाजत राहिली, आणि एक भित्री आशा तिच्या मनात आली की ही बाई घरात नसेल. मग फोन उचलला गेला. मागे तान्हं बाळ रडत होतं, आणि त्या रडण्यावरून तिला चटकन कळलं, दोन महिन्यांचं, फार तर अडीच.

"हॉस्पिटलातून ना?" पलीकडची बाई म्हणाली, धापा टाकत पण आनंदाने. "अहो, मीच करणार होते. माझं दूध दिलं का त्या बाळांना? आमच्याकडे सगळे थट्टा करतात माझी, म्हणतात डेअरी उघडलीस. म्हटलं, विचारावं तरी, कुणाच्या पोटात गेलं ते."

सिस्टर खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या होत्या, पाठ तिच्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "नाही गेलं कुणाच्या पोटात. ओतून द्यावं लागलं सगळं. तुमच्या अकरा बाटल्या होत्या. त्यात माझी चूक आहे."

तिकडे काहीच ऐकू आलं नाही, नुसतं ते बाळ. ही शांतता भरून काढायला तिच्या जिभेवर कितीतरी शब्द आले, यंत्र, बॅटरी, काळजी करू नका, आणि तिने ते एकेक करून गिळले. शांतता त्या बाईची होती, तिला हवी तेवढी तिने घ्यावी. 

"थांबा हं," शेवटी पलीकडून आवाज आला, आधीचा आनंद त्यात नव्हता, पण फोन ठेवलेला नव्हता. "हिला जरा खांद्यावर घेते, काही ऐकू येत नाहीये." कापडाची सळसळ झाली, थोपटल्याचा आवाज आला, रडणं हळूहळू उचक्यांवर आलं.

"हं. आता सांगा," ती बाई म्हणाली. "कशी झाली चूक?"